रुमालांच्या खेळाचं बोलणं

आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत रेल्वेतले एक काका भाड्याने राहत होते. मूळचे सोलापूरचे, नोकरी काशीच्या पार्सल ऑफिसात. बायको-मुलं सोलापुरातच होती, त्यामुळे काका जेवायला आमच्याकडे असत. आणि त्याची परतफेड म्हणून, असं ते स्वतःच म्हणायचे, वर्षातून एकदा आम्हाला जादू दाखवत. काशीतल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव आमच्या घरापासून चार गल्ल्या टाकून असलेल्या एका दिवाणखान्यात व्हायचा. तिथे दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीआधीचा अर्धा तास काकांचा.

ते पत्त्यांचे खेळ करत, पाण्याचा पेला गायब करत, पण सगळे वाट बघत ती रुमालांची. सहा रेशमी रुमाल, तीन तांबडे आणि तीन पिवळे. काका सहाही रुमाल एकेक करून मोकळे दाखवायचे. मग तांबडे तीन टोकाला टोक बांधून एका खुर्चीवर ठेवायचे आणि पिवळे तीन सुटेच दुसऱ्या खुर्चीवर. मग हवेतल्या हवेत काहीतरी उचलून इकडून तिकडे टाकल्यासारखं करायचे. तांबडे उचलले तर ते सुटे निघत आणि पिवळे उचलले तर टोकाला टोक बांधलेले. बास, एवढाच खेळ.

पण काका तो करत कसा! कानावर पेन्सिल खोचून ते पार्सलबाबू होत. गाठी म्हणजे पार्सल. ते रिकाम्या हातावर वजन करत, कपाळाला आठ्या घालून म्हणत, "ओल्या दिसतात हो गाठी, वजन जास्त भरतंय." समोरच्या कुणाला तरी न दिसणारी पावती फाडून देत, तोंडाने शिट्टी वाजवत आणि गाडी सुटल्यावर ज्या थकल्या नजरेने माणूस रुळांकडे बघतो, तसे दुसऱ्या खुर्चीकडे बघत बसत. लोक हसून हसून बेजार व्हायचे. गाठी पोचायच्या तेव्हा आपलंच पार्सल मिळाल्याचा आनंद सगळ्यांना होई.

मी त्या वेळी विद्यापीठात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वद सालाच्या नंतरची ती वर्षं. काकांच्या मागे लागून लागून मी रुमालांचं हाताचं काम शिकून घेतलं होतं. ते कसं करतात हे इथे सांगणार नाही, तसा शब्द दिलेला आहे. एवढंच सांगते की ते अवघड नाही. दोन महिने रोज तासभर आरशासमोर उभं राहिलं की येतं.

त्या फाल्गुनात काकांची बदली झाली. कितीतरी वर्षांच्या अर्जांनंतर त्यांना भुसावळ मिळालं होतं, तिथून सोलापूर तरी जवळ. सामान बांधताना त्यांनी मला खाली बोलावलं आणि रुमालांची पुरचुंडी हातात दिली.

"हे तुझे. हात तुझा तयार आहे. पण पार्सलचं बोलणं माझं आहे. ते मी बरोबर नेतोय."

"म्हणजे मी ते म्हणायचं नाही?"

"तू कधी पार्सल ऑफिसात बसली आहेस का?"

"नाही."

"मग तुझ्या तोंडी ते पाठ केलेलं वाटेल. तुझं तू शोध."

मला तेव्हा त्यांचा जरा रागच आला. खेळ द्यायचा आणि त्यातली मजा ठेवून घ्यायची, असं वाटलं.

पहिला प्रयोग मी चैत्रात केला. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि गल्लीगल्लीतून आलेल्या वीस-बावीस मराठी बायका. मी ठरवलं होतं की काही बोलायचंच नाही. टेपरेकॉर्डरवर सतारीची कॅसेट लावायची आणि नुसत्या हातांनी खेळ करायचा. मला वाटलं होतं, ते फार भारदस्त दिसेल.

मी तांबडे रुमाल बांधत होते तेवढ्यात वीज गेली. सतार एक लांब सूर ओढत बंद पडली. खिडकीतून उजेड होता, म्हणून मी तशीच पुढे गेले. गाठी गेल्या, गाठी आल्या. मी दोन्ही हात पसरून उभी राहिले. शिंदे घाटाच्या बाजूला राहणाऱ्या एक काकू होत्या, सत्तरीच्या, सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आईला विचारलं, "झालं का गं हिचं? मग डाळ वाढायला घ्या."

सगळ्या गेल्यावर मी आणि ताई मोरीपाशी बसून वाट्या विसळत होतो. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेत शिकवायची. खोटं बोलून बरं वाटायला लावणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"हात चांगला चालला तुझा," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. इथल्या गाठी तिथे गेल्या. पण मला त्याचं काय? काकांच्या वेळी वाटायचं की पार्सल पोचायलाच पाहिजे. आज गाठी पोचल्या नसत्या तरी मला चाललं असतं."

मी वाटी जरा जोरातच आपटली. पण त्या रात्री मला कळलं होतं की ती बरोबर बोलते आहे.

मग आम्ही दोघी नव्या बोलण्याच्या मागे लागलो. तिची शाळा दुपारी सुटायची, माझी परीक्षा संपलेली. ऊन उतरलं की गच्चीवर जायचो. मी खेळ करायची आणि ती कठड्याला टेकून बघायची. मी आधी राजा आणि त्याच्या तीन राण्यांची गोष्ट रचली. दुसऱ्याच दिवशी ताई म्हणाली, "राण्या कशाला बांधून ठेवल्यात?" ती गोष्ट तिथेच संपली. मग मी विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून लोहचुंबकाचं काहीतरी केलं. त्याला तिने नुसती जांभई दिली.

माझी आणखी एक अडचण होती. माझं मराठी घरातलं होतं, चार भिंतींच्या आतलं. बाहेर सगळं हिंदीतच. माणसांसमोर उभी राहिले की माझ्या तोंडून यायचं, "आता ह्या रुमालला बघा."

"रुमालाकडे बघा," ताई म्हणायची.

"तेच ते."

"तेच ते नाही. रुमालला बघा म्हटलं की मला तू हिंदीत विचार करताना दिसतेस."

एका संध्याकाळी या सगळ्या भांडणात माकडाने एक पिवळा रुमाल पळवला. आमच्या भागात वाळवणाला राखण लागते, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? पण आम्ही बोलण्यात गर्क. ते शेजारच्या गच्चीवर बसून रुमालाचं टोक चावत राहिलं. ताईने पेरू दाखवला तेव्हा त्याने रुमाल टाकला, पण तोवर त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

काकांचे रुमाल कलकत्त्याचे होते, अगदी तलम. आमच्या गावात रेशमाला काय तोटा, पण ते साड्यांचं, जड. मुठीत मावेल असं पातळ कापड शोधायला आम्ही दोन दिवस विणकरांच्या मोहल्ल्यात फिरलो. शेवटी एका म्हाताऱ्या विणकराने माळ्यावरून एक उरलेला तुकडा काढून दिला आणि पिवळ्या रंगात बुडवायला शेजारी पाठवला. मी त्याच्याकडे बसल्या बसल्या बघत होते. मागावरचा ताणा संपत आला होता. तो नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला लावून, बोटांना राख लावून पीळ देत जोडत होता. गाठ एकही मारत नव्हता. ताईने विचारलं, किती धागे असे जोडायचे? तो म्हणाला, "सारे के सारे." आणि हसला.

ज्येष्ठात ताईचं लग्न ठरलं. नवरदेव नागपूरला कॉलेजात शिकवत होते. ताई तिशीला आली होती आणि आईबाबांनी मनातून आशा सोडलीच होती, त्यामुळे घरात आनंदापेक्षा आधी एक प्रकारची सुटका झाल्यासारखं वाटलं. लग्न मार्गशीर्षात करायचं ठरलं. तिच्या होणाऱ्या सासूबाईंचं आंतर्देशीय पत्र आलं ते आईने मला मोठ्याने वाचायला सांगितलं. शेवटी लिहिलं होतं, "आता लवकरच आपणा सर्वांची गाठ पडेल."

मी थांबले. "कसली गाठ?"

आई आणि ताई एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

"अगं, गाठ पडणं म्हणजे भेटणं," ताई डोळे पुसत म्हणाली. "गाठीभेटी म्हणतात ते कधी ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं. पण त्या शब्दात ही गाठ आहे, ही माझ्या हातातली रुमालाची गाठ, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. मी पत्र तसंच टाकून वर पळाले आणि रुमाल घेऊन आले.

"गाठ पडते," मी म्हटलं. "ताई, यात गाठच पडते की!"

तिला लगेच समजलं. त्या दिवशी आमचं जेवण चार वाजता झालं.

मी त्या उत्साहात हा नवा विचार शेजारच्या भाभींना हिंदीत करून दाखवला. त्या बनारसच्याच, आम्हाला लहानपणापासून बघितलेल्या. मी मोठ्या थाटात म्हटलं, "अब देखिए भाभी, इन तीनों में गाँठ पड़ जाएगी." भाभींनी दोन्ही हात कानांवर नेले.

"शुभ-शुभ बोलो बिटिया! शादी का घर है, गाँठ काहे पड़े?"

हिंदीत माणसांमध्ये गाँठ पडली म्हणजे मनात अढी बसली, हे मला चांगलं माहीत होतं आणि तरी आठवलं नव्हतं. एकाच शब्दाने इकडे माणसं भेटतात आणि तिकडे तुटतात. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हा खेळ तुला मराठीतच करावा लागणार. आता घे शिकून."

आणि मी शिकले. आषाढ-श्रावणात गंगेला पाणी चढलं आणि पंचगंगा घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडाल्या. बाबा तिथे यात्रेकरूंची पूजा सांगत, बांबूच्या छत्रीखाली त्यांची बसायची लाकडी चौकी असे. पुराच्या दिवसांत ती चौकी वर आणून ठेवायची आणि बाबा घरी असायचे. त्यामुळे आम्हाला आणखी एक प्रेक्षक मिळाला. ते पोथीतून डोकं वर न काढता ऐकत. मी समजायची की त्यांचं लक्ष नाही. मग एक दिवस त्यांनी चष्मा काढला.

"तू विचारतेस, 'तुमचं माहेर कुठलं?' आणि लगेच पुढे बोलतेस."

"मग वेळ कशाला घालवायचा? उत्तर काय, कुठलंतरी गाव येणार."

"कुठलंतरी नाही. घाटावर माणूस येतो तो दोन दिवस गाडीत बसून, दमून, भांबावून येतो. मी त्याला विचारतो, गाव कुठलं. तो सांगतो. मग मी काही बोलत नाही. तो आपणहून आणखी काहीतरी सांगतो. नदी कुठली, देऊळ कुठलं, वडील कधी गेले. विचारलं की थांबायचं. थांबता येत नसेल तर विचारू नये."

असं म्हणून त्यांनी चष्मा परत चढवला. जादूविषयी मला त्यांनी दिलेला हा एकच सल्ला. आजवर मला यापेक्षा उपयोगी काही कुणी सांगितलेलं नाही.

गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी घाटावरचा रस्ता पाण्याखाली होता, सगळे गल्लीगल्लीतून, धोतरं-साड्या वर धरून आले होते. दिवाणखाना भरला होता. मी ताईची निळी साडी नेसले होते. काकांच्या अर्ध्या तासात मी उभी राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी "पार्सल, पार्सल" म्हणालंही.

मी तांबडे तीन रुमाल हातात घेतले आणि समोरच्या बायकांपैकी शिंदे घाटाकडच्या त्या काकूंना विचारलं, "काकू, तुमचं माहेर कुठलं?"

"वाई," त्या म्हणाल्या.

मी थांबले. पाच आकडे मोजले, मग आणखी पाच. बाबा मागे भिंतीशी उभे होते.

"कृष्णेच्या काठी," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "इथे आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ह्या गंगेला मी महिनाभर कृष्णाच म्हणत होते."

कुणी हसलं नाही. मी पहिला रुमाल 'वाई' म्हणून दाखवला. आणखी दोघींना विचारलं. एक रत्नागिरीच्या, एक अमरावतीच्या. तिन्ही रुमाल टोकाला टोक बांधले. या तुमच्या माहेरच्या गाठी, असं म्हणून खुर्चीवर ठेवले. मग पिवळे तीन सुटे दाखवून काकूंच्या दोन्ही हातांत चुरगळून दिले आणि मुठी मिटायला सांगितल्या.

"हे तीन म्हणजे तुम्ही तिघी. इथे आलात त्या पहिल्या वर्षीच्या. भाषा येत नाही, गल्ल्या कळत नाहीत, एकीची दुसरीला ओळख नाही. आता मला सांगा, त्या वर्षी तुम्हाला आपल्या भाषेत हाक मारणारं पहिलं कोण भेटलं?"

मी पुन्हा थांबले. रत्नागिरीच्या बाईंनी अमरावतीच्या बाईंकडे बोट दाखवलं. "ही. भाजीवाल्याशी भांडत होती. आकडे मराठीत मोजत होती." आता मात्र सगळे हसले. त्या हसण्यातच मी माझं काम उरकलं, हवेतून गाठी उचलल्या आणि काकूंच्या मुठींवर सोडल्या.

मी खुर्चीवरचे तांबडे रुमाल उचलले, ते एकेक करून खाली पडले, सुटे. काकूंनी मुठी उघडल्या आणि पिवळ्याचं एक टोक ओढलं. एकामागून एक तिन्ही निघाले, गाठींसकट.

"बघा," मी म्हटलं, "पडली की नाही गाठ?"

टाळ्या आल्या, काकांना यायच्या तशाच. मी वाकून नमस्कार करणार तेवढ्यात काकूंनी हात वर केला. त्या खाली पडलेल्या तांबड्या रुमालांकडे बघत होत्या.

"आणि त्यांचं काय?"

"कुणाचं काकू?"

"तिकडच्या गाठी सुटल्या की गं. माझी वाई तशीच सुटी पडली आहे. त्या परत आण."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार महिने आम्ही दोघींनी प्रत्येक शब्द घासूनपुसून घेतला होता आणि इकडे पडलेल्या गाठीच्या आनंदात तिकडे सुटलेली कुणालाच दिसली नव्हती. मला गाठी परत नेता येत नव्हत्या. हा खेळ एकाच बाजूने जातो. दिवाणखान्यात शांतता होती आणि या वेळी ती मी ठरवून ठेवलेली नव्हती. कुणीतरी आरतीची घंटा वाजवावी असं मला वाटलं.

तेवढ्यात ताई उठली. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. बायकांच्या मधून वाट काढत पुढे आली, खाली वाकली आणि तांबडे रुमाल उचलले.

"काकू," ती म्हणाली, "मी चालले आहे ना आता तिकडे. तिकडच्या मी बांधते."

आणि तिने सगळ्यांसमोर, काही न लपवता, अगदी साध्या गाठी मारल्या. एक, मग दुसरी. बांधून झाल्यावर तिने ते काकूंच्या मांडीवर ठेवले. काकूंनी तिला जवळ ओढून तिच्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

टाळ्या झाल्या की नाही ते मला आठवत नाही. आरती सुरू झाली एवढं आठवतं.

घरी येताना गल्लीत चिखल होता. मी ताईचा हात धरून चालत होते. मी म्हटलं, "आपण हे आधी का नाही बसवलं?"

"मला तरी कुठे माहीत होतं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मी रडले नाही ना गं?"

"नाही."

"मग बरं."

मार्गशीर्षात ती गेली. स्टेशनवर आईला सावरण्यात माझा सगळा वेळ गेला आणि ताईशी नीट बोलणं झालंच नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी ऊन उतरलं की गच्चीवर जायची आणि तशीच खाली यायची. कठड्यापाशी कुणी नसताना रुमाल काढावेसे वाटत नसत. मी काकांना भुसावळला पत्र घालून सगळं कळवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं. लिहिलं होतं की शेवट उत्तम आहे, जादूगाराच्या हातून न होणारी गोष्ट प्रेक्षकाने करावी हे त्यांना वीस वर्षांत सुचलं नव्हतं. खाली एक ओळ होती: "यात आता काही वाढवू नकोस."

पुढच्या वर्षी मी खेळ केला तेव्हा ताई नव्हती. तिला त्या वर्षी येता आलं नाही. मला भीती होती की तिच्याशिवाय तो उभाच राहणार नाही. तसं काही झालं नाही. लोक जिथे हसायचे तिथे हसले, जिथे गप्प व्हायचे तिथे गप्प झाले. खरं सांगायचं तर मला त्याचं थोडं वाईटच वाटलं. आम्ही दोघींनी मिळून केलेली वस्तू आता माझ्या एकटीच्या हातात मजेत चालत होती.

शेवटी मी विचारलं, "तिकडच्या गाठी कोण बांधणार?" आणि थांबले. एकदोघी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मग मागच्या दारापाशी बसलेली एक मुलगी उठली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच वयाची असेल, हातात हिरव्या बांगड्या अजून नव्या होत्या. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून तीन महिन्यांपूर्वी सांगलीहून आलेली. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा ती फक्त पुढे आली, खाली बसली आणि रुमाल बांधायला लागली. दुसऱ्या गाठीपाशी तिचे हात थांबले. तिने मान वर केलीच नाही. रत्नागिरीच्या बाई सरकल्या, बाजूच्या अमरावतीच्या बाईंनाही सरकवलं आणि सतरंजीवर थापटून म्हणाल्या, "इथे बस हो. बांध सावकाश, आरतीला वेळ आहे."

कार्यक्रम संपल्यावर मी रुमाल घडी घालून ठेवत होते. मुलं भोवती जमली होती आणि नेहमीप्रमाणे विचारत होती, कैसे किया, दीदी, बताइए ना. ती मुलगी त्यांच्या मागे उभी राहिली. मला वाटलं, तीही तेच विचारणार.

"ह्या सगळ्या बायका," ती हळूच म्हणाली, "एरवी कुठे भेटतात?"

"शुक्रवारी भजन असतं. आमच्याच गल्लीत."

"मी आले तर चालेल?"

"चालेल की. तुम्ही राहता कुठे?"

तिने पत्ता सांगितला. शिंदे घाटाच्या वरची गल्ली, काकूंच्या घरापासून पाचवं दार. तीन महिने ती तिथे राहत होती आणि दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. मी काकूंना हाक मारली. त्या चपला शोधत होत्या. मी म्हटलं, "काकू, ह्या तुमच्याच गल्लीतल्या. सांगलीच्या."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सांगली म्हणजे कृष्णाच की," त्या म्हणाल्या. "चल, माझा हात धर. अंधार पडलाय आणि पायऱ्यांवर शेवाळ आहे."

त्या दोघी गल्लीच्या वळणापर्यंत जाताना मी दारात उभी राहून पाहत होते. काकू बोलत होत्या आणि ती मुलगी मान हलवत होती. मग घरी जाऊन मी ताईला पत्र लिहायला बसले.